ठासणीची बंदूक आणि निमुळती गोळी

शस्त्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा लढायांच्या अनुषंगानें लिहिला जातो. शिकाऱ्यानें कोणती बंदूक पसंत केली व कां केली, हा प्रश्न क्षुल्लक समजून इतिहासकार त्यास ओलांडून जातात. परंतु हत्याराची खरी पारख रणापेक्षां रानांत अधिक होते. रणांत शेंकडों नळ्या एकदम सुटतात व कोणाची गोळी कोणास लागली हें कोणी विचारीत नाहीं. रानांत मात्र एक माणूस, एक बार आणि एक जनावर. तोंडानें दारू ओतून, गोळी गजानें ठासून, बंदूक पुन्हां सिद्ध करीपर्यंत हरीण दिसेनासें होतें. आणि पुढें वाघ असला तर शिकाऱ्यासच सवड मिळत नाहीं.

अंबड येथील मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर उभें राहून पाहिलें म्हणजे ही निवड भूगोलावर कशी अवलंबून होती तें ध्यानांत येतें. दक्षिणेस गोदावरीपर्यंत मोकळा मुलूख. उत्तरेस, कांहीं मजलांवर, अजिंठ्याचे डोंगर व त्यांतील झाडी. उघड्या माळावर काळविटाचें रक्षण करणारी वस्तु मुख्यत्वें एकच, ती म्हणजे अंतर. झाडींत श्वापद अकस्मात् समोर ठाकतें. तेथें अंतर नसतेंच. या दोन रानांस एकच बंदूक सारखीच कशी लागू पडावी?

जुन्या तोड्याच्या बंदुकीची नळी बहुधा आंतून गुळगुळीत असे. गोळी वाटोळी व नळीहून किंचित् लहान. ती आंत आपटत बाहेर पडे, म्हणून शंभर वारांपलीकडे तिचा भरंवसा थोडा. आजच्या जालना जिल्ह्यांतील आसई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांचें सैन्य व इंग्रज यांची गांठ पडली, तेव्हां दोन्ही बाजूंच्या पायदळांची मदार गुळगुळीत नळीवरच होती. २८ एप्रिल १८१९ रोजीं वाघाच्या मागावर असतां जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यास अजिंठ्याचीं लेणीं दिसलीं. त्या काळींही केपाची बंदूक रूढ झालेली नव्हती. अशा हत्याराच्या शिकाऱ्यास जनावराजवळ जावेंच लागे. फासेपारधी तर शिकविलेल्या गाई-बैलांच्या आडोशानें काळविटाशीं पोंचत व फांसे लावीत. अंतर तोडणें हीच त्यांची विद्या होती.

नळीच्या आंत मळसूत्रासारखे आटे पाडले म्हणजे गोळीस गिरकी मिळून ती सरळ जाते, हें युरोपांत फार पूर्वीं ठाऊक होतें. अडचण ठासण्याची होती. आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून आंत ढकलणें हें कष्टाचें काम. यावर तोड निघाली ती पोकळ बुडाच्या निमुळत्या गोळीनें. दक्षिण हिंदुस्थानांत असतां कॅप्टन नॉर्टन यानें फुंकनळीचा बाण पाहिला; त्याच्या बुडाशीं लावलेला कमळाचा मऊ गाभा फुंकरीसरशीं फुगून नळीस चिकटतो, हें पाहून त्यास अशा गोळीची कल्पना सुचली असें सांगतात. पुढें १८४९ मध्यें फ्रान्समधील मिन्ये यानें ती कल्पना व्यवहारांत आणली. ठासतांना सैल, सुटतांना घट्ट, हें तिचें मर्म.

१८५३ च्या एनफील्ड रायफलीचा नळीव्यास ०.५७७ इंच व आटे तीन. तिची निमुळती गोळी ५३० ग्रेनांची, म्हणजे सुमारें तीन तोळे; त्याच मापाची वाटोळी गोळी जेमतेम दीड तोळा भरते. जड व लांबट गोळी वाऱ्यास कमी दबते, वेग दूरवर टिकविते. म्हणून त्या बंदुकीच्या मापपट्टीवर ९०० वारांपर्यंत खुणा होत्या. मात्र ठासण्यास वंगण लागे, आणि १८५७ सालीं त्या वंगणांतील चरबीच्या वार्तेनें काय अनर्थ झाला तें सर्वश्रुत आहे. ज्यांनीं नळीचें गणित बसविलें त्यांनीं काडतूस दातांनीं तोडणाऱ्या शिपायाचा विचार केला नव्हता.

मग शिकाऱ्यानें निमुळती गोळीच घ्यावी काय? येथें दोन इंग्रज अधिकाऱ्यांचे मार्ग अगदीं भिन्न झाले. सिंधमधील जॉन जेकब यानें चार आट्यांची रायफल व स्फोटक गोळी सिद्ध केली. त्याची सारी दृष्टि लांब पल्ल्यावर होती. तो १८५८ मध्यें वारला. उलट मध्य हिंदुस्थानच्या जंगलांत वावरलेल्या जेम्स फोर्सिथ यानें १८६३ च्या आपल्या ग्रंथांत मोठ्या वाटोळ्या गोळीचा कैवार घेतला. एका रत्तलास १४ गोळ्या बसतील एवढी नळी, १०४ इंचांत एकच फेरा घेणारे मंद आटे आणि भरपूर दारू, ही त्याची पसंती. त्याचें म्हणणें असें कीं, निमुळती जड गोळी कमानीनें जाते, म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती वर किंवा खालीं लागते. वाटोळी गोळी जोरानें सोडल्यास जवळच्या पल्ल्यांत जवळजवळ सरळ जाते व घाव मोठा करते.

या वादाचें मूळ आट्यांत आहे. लांबट गोळीचें तोंड पुढें राहावें म्हणून तिला जलद गिरकी लागते; वाटोळीस मंद पुरते. जलद आट्यांत वाटोळी गोळी जास्त दारूनें सोडली तर ती आटे सोडून घसरते; मंद आट्यांतून गेलेली लांबट गोळी डळमळते. अमेरिकेंत ठासणीच्या बंदुकीनें शिकार करणारे आजही हाच नियम पाळतात: वाटोळीस साधारण ६६ इंचांत एक फेरा, लांबट गोळीस २८ इंचांत, आणि ४८ इंचांचा फेरा ही मधली तडजोड. म्हणून आधीं जनावर व अंतर ठरवावें, मग आटे, आणि शेवटीं गोळी. हा क्रम उलटा करणाऱ्याच्या पदरीं शिकारीऐवजीं घायाळ जनावर पडतें, आणि तें झुडुपांत जाऊन तडफडत मरतें. फोर्सिथच्या पक्षाचें नैतिक बळ येथेंच आहे.

१८६६ मध्यें एनफील्डच्याच नळीस मागून भरण्याची स्नायडरची सोय झाली व ठासणीच्या बंदुकीचा लष्करी मान संपला. खेड्यांत ती पिकांच्या राखणीस उरली. परंतु निमुळत्या गोळीनें वाढविलेला पल्ला मागें हटला नाहीं. माळावरील प्राण्यांचें अंतराचें कवच तिनें भेदलें; नांगरानें त्यांची चराई घेतली. हिंदुस्थानांतील शेवटच्या चित्त्यांपैकीं तीन १९४७ मध्यें सरगुजाकडील कोरियाच्या रानांत मारले गेले. पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९८० मध्यें नगर जिल्ह्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं अभयारण्य झालें. जें अंतर पूर्वीं काळवीट आपल्या पायांनीं राखीत असे, तें आतां त्यास कायद्यानें राखून द्यावें लागतें.