छायाचित्रणाचा इतिहास आणि हाडकी-हाडोळा

छायाचित्रणाचा इतिहास आपल्याकडे नेहमी भिंगापासून सांगितला जातो. युरोपातल्या कुणा संशोधकाने प्रतिमा पकडली, कुणी ती कागदावर उतरवली, पुढे कॅमेरा हिंदुस्थानात आला आणि संस्थानिकांनी, शहरी सुशिक्षितांनी तो हाती घेतला, अशी ही कथा आहे. तिच्यात प्रतिभा आहे, श्रम नाहीत. प्रतिमा ज्या पदार्थावर टिकते तो पदार्थ कशाचा, त्याला हात कुणी लावला, हा प्रश्न तिथे कुणी विचारीत नाही. मी फिल्मवर छायाचित्रे काढतो आणि जुन्या पद्धतींनी ती घरीच छापतो. हे काम करताना हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटू लागला.

१८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरारने अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद वापरात आणला. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये धरून ठेवण्याची रीत मांडली. त्यानंतरची काच, फिल्म आणि फोटोचा कागद मुख्यतः जिलेटिनवर उभा राहिला. आजही फिल्म जिलेटिननेच बनते. हे जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांचा आणि कातड्याचा शुद्ध केलेला सरस. हाडे आम्लात भिजवून त्यांतले क्षार काढायचे, उरलेला भाग चुन्याच्या पाण्यात मुरवायचा, धुवायचा आणि गरम पाण्यात त्याचा अर्क उतरवायचा. एक जिलेटिन दुसऱ्यापेक्षा प्रकाशाला अधिक संवेदनशील का, याचा शोध १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या एस. ई. शेपर्ड यांनी लावला. गुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतले गंधकयुक्त द्रव्य त्याला कारण होते. विज्ञानाने गुरांचा चारासुद्धा हिशेबात घेतला. हाडे वेचणाऱ्या माणसाची नोंद मात्र छायाचित्रणाच्या कुठल्याच ग्रंथाने घेतली नाही.

आपल्या गावगाड्यात या हाडाला जात होती. मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोराने कमवायचे, जोडा चांभाराने शिवायचा. महारकीच्या वतनजमिनीला नावेच हाडकी आणि हाडोळा अशी होती. ज्या हाडाच्या स्पर्शाने माणूस विटाळला, त्याच हाडाचा अर्क काचेवर आणि कागदावर चढला की त्याचा विटाळ संपत होता! वाड्यातल्या दिवाणखान्यात वाडवडिलांचे फोटो लागले, देवघरात बुवामहाराजांचे फोटो बसले, त्यांना हळदकुंकू वाहिले गेले. विटाळ वस्तूत कधीच नव्हता. तो माणसावर लादलेला होता. याचा एवढा सरळ पुरावा दुसरा कुठला हवा?

आता कॅमेऱ्याच्या समोर कोण होते ते पाहू. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची छपाईची युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. माणसे स्टुडिओत उभी करायची, पार्श्वभूमी दुसरीकडून आणायची आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचे. माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा आणि पाहणाऱ्याला हव्या त्या जागी ठेवायचा, असा हा व्यवहार आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादित केलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखायची होती. बहुतेक चित्रांखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाव नाही. मनूने जे पोथीत केले तेच इथे कॅमेऱ्याने केले. माणूस पुसला आणि जात ठेवली.

अमेरिकेत हाच झगडा उघडपणे झाला. १८५० मध्ये हार्वर्डच्या लुई अगासी या प्राध्यापकासाठी दक्षिण कॅरोलिनात गुलामांची छायाचित्रे घेण्यात आली. रेंटी आणि त्यांची मुलगी डिलिया यांना कपडे उतरवून कॅमेऱ्यासमोर ठेवले गेले. काळा माणूस हीन आहे हे ‘शास्त्रा’ने सिद्ध करायचे होते. त्याच काळात गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस स्वतः होऊन कॅमेऱ्यासमोर बसत होता. त्याची सुमारे १६० छायाचित्रे आज ज्ञात आहेत. नीटनेटका पोशाख, करारी नजर, बहुतेक चित्रांत हसू नाही. हसऱ्या, आज्ञाधारक गुलामाची प्रतिमा त्याला मोडायची होती. छायाचित्र या विषयावर त्याने व्याख्यानेही दिली. कॅमेरा तोच होता. समोर बसणाऱ्याची संमती आणि स्वाभिमान यांनी चित्र बदलले.

कॅमेरा सर्वांच्या हाती आला की प्रश्न सुटतो, असेही नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलितांना बांधून मारण्यात आले. त्याचे चित्रण मारणाऱ्यांनीच केले आणि अभिमानाने पसरवले. पण तेच चित्रण पुढे पुरावा ठरले. त्यानंतर गुजरातेत अनेकांनी मेलेली जनावरे उचलायचे नाकारले. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. त्या नकाराचाच हा पुढचा धागा आहे. म्हणून हाडाच्या श्रमाचा इतिहास लिहायचा याचा अर्थ त्या श्रमाचे गोडवे गायचे असा नाही. लादलेले काम नाकारायचे, आणि ते कुणाकडून करून घेतले गेले हे मात्र लिहून ठेवायचे. या दोन गोष्टी एकाच वेळी केल्या पाहिजेत.

मी जी छपाई करतो तिला सायनोटाइप म्हणतात. इंग्लंडच्या जॉन हर्शेलने ती १८४२ मध्ये शोधली. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईने १८४३ पासून तिच्यावर शेवाळांचे पुस्तक काढले. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. पुढे इंजिनिअरांचे नकाशे याच रीतीने निघू लागले आणि ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द आपल्याही तोंडी बसला. तिला चांदी लागत नाही, जिलेटिन लागत नाही, काळोखी खोली लागत नाही. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदावर फासायचे, सुकवायचे, वर निगेटिव्ह आणि काच ठेवून उन्हात धरायचे. मग पाण्यात धुतले की ऊन लागलेला भाग गडद निळा होतो, बाकीचा कागद पांढरा राहतो. निगेटिव्ह फिल्मचे असले तर हाड तिथेही आहेच, आणि असू द्यावे. हाडापासून सुटका शोधणे हीसुद्धा सोवळ्याचीच एक तऱ्हा होईल.

या रीतीची थोरवी मला तिच्या स्वस्ताईत दिसते. ऊन कुणाच्या वतनाचे नाही. पाण्यासाठी मात्र आपल्याला महाडला जावे लागले, हे विसरता येत नाही. ज्यांचा फोटो काढायचा त्यांना आधी विचारावे, कसे बसायचे ते त्यांना ठरवू द्यावे, आणि निळ्या कागदाखाली त्यांचे पूर्ण नाव, गाव व साल त्यांच्या मर्जीने लिहावे. एक प्रत त्यांच्या घरी राहावी. वस्तीवस्तीतल्या तरुणांनी असे संग्रह उभे करावेत. जुन्या खंडांनी पुसलेली नावे परत येणार नाहीत. यापुढचे एकही नाव पुसले जाणार नाही, एवढे आपल्या हातात आहे.