गोवा ट्रान्स
युरोपीय इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातून गोव्याच्या किनाऱ्यावर घडलेली शैली. १९८० च्या दशकात हणजूण येथे रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत डीजे युरोपातील सिंथ-पॉप गाण्यांतले गायन कापून केवळ वाद्यांचे तुकडे एकमेकांना जोडत. उष्म्यात तबकड्या खराब होत, म्हणून कॅसेट व पुढे डॅट फिती वापरात आल्या. मूळचे अमेरिकी डीजे गोवा गिल (१९५१–२०२३) हे या परंपरेतील अग्रणी. प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा ठोका, मिनिटाला साधारण १३५ ते १५० ठोके, सिंथेसायझरची द्रुत आवर्तने आणि टप्प्याटप्प्याने चढत जाणारी सुरावट ही तिची लक्षणे. १९९० च्या दशकात ब्रिटन, जर्मनी व इस्राएलमध्ये ती लोकप्रिय झाली. हॅल्युसिनोजेनचा ‘ट्विस्टेड’ (१९९५) हा तिचा गाजलेला अल्बम. पुढे तिच्यातूनच सायट्रान्स ही शैली विकसित झाली.