किल्ल्या मिळाल्या, जमीन कुणाच्या नावावर?

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे शिरूर-दौंडच्या शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. अशा संकुलात सोसायटी नोंदली गेली, समिती निवडली, दफ्तर हाती आले, तरी सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव असू शकते.

१९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिथे हस्तांतराचा प्रश्नच नव्हता. संस्था आधी, इमारती नंतर. पुढे बिल्डर आला आणि हा क्रम उलटला.

म्हणून १९६३च्या ‘मोफा’ कायद्याने विकासकावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या: कलम १०नुसार संस्थेची नोंदणी आणि कलम ११नुसार जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण. पहिली कशीबशी पार पडे, दुसरी वर्षानुवर्षे रखडे. शिल्लक चटईक्षेत्राचा मोह, हे त्यामागचे उघड गुपित!

अखेर २००८च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणले. विकासक टाळाटाळ करीत असेल, तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. रेराच्या २०१७च्या राज्य नियमांनी ५१ टक्के सदनिकांची नोंदणी होताच तीन महिन्यांत संस्थेसाठी अर्ज करण्याचे बंधन घातले.

मात्र उपनिबंधकांचा आदेश कपाटात ठेवून भागत नाही. दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो, मग तलाठ्याकडे फेरफार. तो मंजूर झाल्यावरच सातबाऱ्यावर संस्थेचे नाव चढते.