आठ दिवसांत अर्धं होणारं औषध

हातातलं घड्याळ काढून ठेवा. साल 1972. यावलच्या एसटी स्टँडवर भुसावळची पहाटेची गाडी लागली आहे. तुमच्या गळ्यावर रुमाल आहे. रुमालाखाली टाक्यांची वाळलेली रेघ. थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग डॉक्टरांनी कापून काढला, पण चाकूला न सापडलेल्या काही पेशी मागे उरल्या असतील. त्यांच्यासाठी तुम्ही मुंबईला निघाला आहात.

बस तापीचा पूल ओलांडते. राज्यभर दुष्काळ आहे. शेजारच्या बाकावर खडी फोडायच्या कामांच्या गोष्टी चालल्या आहेत. भुसावळला तुम्ही रेल्वेत चढता. पुढे साडेचारशेच्या आसपास किलोमीटर.

तुमची गाडी कसारा घाट उतरायच्या आधीच ट्रॉम्ब्यात तुमच्या औषधाची घटका सुरू झालेली असते. 1960 साली सुरू झालेल्या सायरस अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा होतो आणि त्यातून आयोडीन-131 तयार होतं. त्याच क्षणापासून ते सरायला लागतं : आठ दिवसांत निम्मं, सोळा दिवसांत पाव. यावलच्या औषधाच्या दुकानात बाटली भरून ठेवावी असं हे औषध नाही. फळीवर ठेवलं तरी ते झिजत राहणार. म्हणून प्रवास पेशंटला करावा लागतो.

गाडीत डोळा लागला की आणखी मागे जा. 1941, बोस्टन. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ थायरॉइड वाजवीपेक्षा जास्त काम करणाऱ्या पेशंटला किरणोत्सारी आयोडीन देत आहेत. असा उपचार याआधी कोणी केलेला नाही. त्यामागचा हिशेब मात्र सरळ आहे. थायरॉइडला आयोडीन लागतं, ते रक्तात दिसलं की ती ओढून घेते. साधं कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं, हे तिला ओळखता येत नाही. नेम धरायचं काम ती ग्रंथी स्वतःच करते.

जागे व्हा, दादर आलं. तिथून परळ. इथलं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 साली सुरू झालं, टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्समध्ये. ते चालवतात ट्रॉम्ब्याचे अणुशास्त्रज्ञ, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. गेले काही आठवडे तुम्ही आयोडीन असलेलं खाणं टाळलं आहे. उरलेल्या पेशी आयोडीनला भुकेल्या राहाव्यात, हा त्यामागचा बेत.

शिशाच्या जाड भांड्यातून इवलासा पेला बाहेर येतो. आत पाण्यासारखं काहीतरी. तुम्ही पिता. ना चव, ना वास, ना चटका. मात्रा शंभर मिलिक्युरी, म्हणजे सेकंदाला 370 कोटी अणू फुटतात. तुमच्या शिवारातल्या केळ्यातही पोटॅशियममुळे सेकंदाला साधारण पंधरा अणू फुटतात. त्या मापानं तुम्ही आत्ता पंचवीस कोटी केळ्यांइतकी फूट एका घोटात घेतली.

पेशींत शिरलेल्या आयोडीनमधून बीटा कण सुटतात. त्यांची धाव फार तर दोनेक मिलिमीटर. तेवढ्यात ते थायरॉइडच्या पेशी मारतात आणि लांबचे अवयव बरेचसे वाचतात. गॅमा किरण मात्र अंगाबाहेर पडतात. त्यांच्यावरूनच गळ्यापाशी धरलेलं यंत्र औषध कुठं साठलं ते टिपतं. आणि त्यांच्याचमुळे तुम्हाला वेगळ्या खोलीत ठेवतात.

नर्स दारातूनच बजावते, "पाणी पीत राहा. लिंबाची गोळी चघळा." लाळेच्या ग्रंथीही थोडं आयोडीन ओढतात, म्हणून ती गोळी. पेशींनी न घेतलेलं आयोडीन लघवीवाटे जातं, म्हणून पाणी. दुष्काळाच्या गावाहून आलेले तुम्ही तांब्यामागून तांब्या रिचवता. भेटायला कोणी नाही. काही दिवसांनी यंत्राचा आकडा उतरतो आणि मग सुट्टी. घरी गेल्यावरही काही दिवस लेकरांना कडेवर घ्यायचं नाही, अंथरूण वेगळं.

आता पन्नास वर्षं पुढे या. ट्रॉम्ब्यात सायरस 2010 साली बंद झाली. 1985 पासूनची ध्रुव अणुभट्टी चालू आहे. तिच्यात ल्युटेशियम-177 तयार होतं. त्याला आयोडीनसारखी आपोआप वाट सापडत नाही. म्हणून ते अशा रेणूला जोडतात, जो न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींना जाऊन चिकटतो. निम्मं व्हायला त्याला साडेसहा दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे घाई तीच.

ही घाई यावलच्या माणसाला महागात पडते : रजा, तिकीट, मुंबईतला मुक्काम. पण तीच त्याला वाचवतेही. आयोडीनचा लघवीवाटे गेलेला भाग सोडून द्या, नुसत्या झिजेनंच ऐंशी दिवसांत ते हजारातला एक भाग उरतं. शेजाऱ्याकडे पुन्हा पूर्वीसारखं चहाला बसता येतं, नातवाला उचलता येतं. वर्षानुवर्षं टिकणारं किरणोत्सारी द्रव्य यावलपर्यंत सुखरूप पोचलं असतं, पण माणसाला पाजता आलं नसतं.