खिद्रापूरचा दानलेख

कबनूरहून इचलकरंजी, कुरुंदवाड मागे टाकून कृष्णाकाठच्या खिद्रापुरास पोहोचले की प्रवाशाची दृष्टी प्रथम वर जाते. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचे ४८ खांब आणि छताच्या वर्तुळातून दिसणारे आकाश पाहून बहुतेकजण परततात. आम्हांस मात्र दक्षिण दरवाजाजवळच्या लेखापाशी थांबणे अगत्याचे वाटते. शके ११३६चा (इ.स. १२१३-१४) हा देवनागरीतील संस्कृत लेख यादवराजा सिंघणाने कोपेश्वराच्या पूजेसाठी गाव दान दिल्याचे सांगतो. ह्याच सिंघणाने त्याच सुमारास शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव करून हा मुलूख जिंकला होता. जिंकलेल्या भूमीतील देवाला दान देणे ही केवळ भक्ती नव्हे. नव्या सत्तेने लोकमान्यता मिळविण्याची ती रीतही होती. मंदिरात जुन्या कन्नडमधले लेखही आहेत. वाङ्मयेतिहास शिकविताना आपण राजवटी व भाषा यांचे स्वतंत्र कप्पे करतो. खिद्रापुरात ते कप्पे टिकत नाहीत. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे शिल्पांइतकाच वेळ अक्षरांनाही द्यावा, असे आम्ही सुचवू.