हैदराबादचे मास्तर आणि पासाचा धडा

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की गड, लढाया आणि तहनामे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. खेळालाही इतिहास असतो, आणि खेळ शिकवण्याच्या पद्धतीला तर फारच उद्बोधक इतिहास असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून आज आम्ही एक लहानसा विषय घेतला आहे. फुटबॉलमध्ये पायाशी आलेला चेंडू क्षणाचाही विलंब न लावता सोबत्याकडे देणे, ज्याला खेळाडू पास म्हणतात, ती ही गोष्ट. आणि ती भारतीय खेळाडूंना शिकवणारे हैदराबादचे एक शाळामास्तर.

प्रथम ही विद्या आली कोठून ते पाहू. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. त्या काळचा इंग्रजी खेळ म्हणजे मुख्यतः चेंडू पायाशी घोळवीत एकट्याने मुसंडी मारण्याचा. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचा संघ क्वीन्स पार्क या क्लबातून उभा केलेला. त्यातले गडी इंग्रजांपेक्षा अंगापिंडाने हलके. दांडगाईने निभाव लागणार नव्हता, तेव्हा त्यांनी एकमेकांच्या साहाय्याने खेळण्यावर भर दिला. सामना गोलाविना बरोबरीत सुटला. पण पुढे हीच रीत स्कॉटलंडची ओळख ठरली. जिमी होगन नावाच्या लँकेशायरच्या खेळाडूने ती पुढे व्हिएन्ना आणि बुडापेस्ट येथे शिकवली. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेंब्लीवर हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला, तेव्हा घरी न रुजलेली विद्या परक्याच्या हातून घरी परत आली, असेच म्हणावे लागेल.

आता हैदराबादकडे वळू. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९४० नंतरच्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. आपला मराठवाडाही त्या वेळी हैदराबाद संस्थानातच होता, तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. रहीमसाहेबांपुढचा प्रश्न स्कॉटलंडसारखाच होता. आपली मुले चपळ, पण उंचीने आणि वजनाने कमी. धक्काबुक्कीच्या खेळात ती मागे पडणार. मग धक्का लागण्यापूर्वीच चेंडू पायातून गेला तर?

ते अंमलात आणण्याची त्यांची रीत मास्तरकीला शोभेशी होती. नुसते ओरडून मुले शिकत नाहीत, हे शिक्षकाला पक्के ठाऊक असते. रहीमसाहेबांनी खेळाचे नियमच बदलले. ज्यांत चेंडू घोळवीत नेण्यास मनाई, असे सामने त्यांनी भरवले. ज्यांत केवळ कच्च्या पायाने खेळायचे, असेही सामने भरवले. यातले मर्म पाहण्यासारखे आहे. चेंडू घेऊन पळता येत नसेल, तर तो येण्यापूर्वीच कोणता सोबती मोकळा आहे हे मान वर करून पाहावे लागते. ज्याने चेंडू दिला त्यालाही स्वस्थ राहता येत नाही. पुन्हा मोकळ्या जागी जावे लागते. आणि उजव्या पायाचा गडी चेंडू उजवीकडे वळवून घेण्यात जो क्षण घालवतो, तेवढ्यात प्रतिपक्षी अंगावर येतो. डावा पाय तयार असला की तो क्षण वाचतो. नियमच गुरू झाला, की छडीचे काम उरत नाही!

याचे फळ मुंबईकरांनी प्रथम पाहिले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात इराणचा १-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळवले. तथापि वाट सरळ नव्हती. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले. त्या थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. गुरुजींनी हा धडाही घेतला. चारच वर्षांनी मेलबर्न येथे बूट घातलेल्या भारतीय संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा या गोमंतकीय खेळाडूने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्ता येथे शेवटची परीक्षा झाली. प्राथमिक फेरीत ज्या दक्षिण कोरियाकडून आपण ०-२ असे हरलो होतो, त्याच्याशीच अंतिम गाठ पडली. प्रेक्षक विरोधात. जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला आधीच्या सामन्यात जखम झालेली; रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला आणले. एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा जर्नेलसिंगने. भारत २-१ असा विजयी झाला. गुरुजी स्वतः कर्करोगाने खंगत होते. ११ जून १९६३ रोजी ते वारले.

यानंतरची हकीकत सांगताना आम्हांस दुःख होते. १९७० साली बँकॉकच्या आशियाई सामन्यांत कांस्यपदक मिळाले, ते फुटबॉलमधले आपले शेवटचे आशियाई पदक. ऑलिंपिकच्या मुख्य फेरीत तर १९६० च्या रोमनंतर आपण पोहोचलोच नाही. सगळे खापर एका मृत्यूवर फोडणे न्यायाचे होणार नाही. इतर देशांनी आपली शिक्षणव्यवस्था सुधारली, आपण सुधारली नाही, हेही खरेच. परंतु नेमके हेच आम्हांस सांगावयाचे आहे. होगनने बुडापेस्टला जे पेरले, ते त्याच्यामागे तिथल्या क्लबांनी आणि प्रशिक्षकांनी वाढवले. रहीमसाहेबांची पद्धत मात्र त्यांच्या विजयांइतकी जपली गेली नाही. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा चित्रपट निघाला, पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले. पण चित्रपट पाहून आपल्या गावच्या किती शाळांनी कच्च्या पायाचे सामने भरवले?

त्याला पैसा लागत नाही. एक चेंडू, एक मोकळे मैदान आणि नियम बदलण्याची हिंमत असलेला एक शिक्षक पुरतो. हैदराबादच्या मास्तरांपाशी सुरुवातीला याहून फारसे काही नव्हते. त्यांचे स्मारक करावयाचे असेल, तर ते आपल्या शाळेच्या मैदानावरच करता येईल, असे आम्हांस वाटते.