कावसजीचे नाक आणि पंचवीस दिवस

टिपू सुलतानच्या कैदेत कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले आणि पुण्याजवळ विटा थापणाऱ्या जातीतल्या एका माणसाने ते पुन्हा उभे केले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ही हकीकत चित्रासह छापली. आपल्याकडे ती दोनच कामांना येते. टिपू किती क्रूर होता हे सांगायला, नाहीतर आमच्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते हे सांगायला. टिपूचा विषय निघाला की आपल्यातले काहीजण 'हा इंग्रजांचा अपप्रचार' म्हणून ती झटकून टाकतात. मला हे पटत नाही. लिहिणारे टिपूचे शत्रू होते हे खरेच. पण नाक गेलेला माणूसही खराच होता, आणि त्याचा एक हातही गेला होता.

कावसजी हे नाव पारशी वाटते. हकीकतीत मात्र तो शेतकरी मराठा असल्याचे म्हटले आहे. १७९२ च्या लढाईत तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. तलवार चालवणारा नव्हे, पोटासाठी फौजेबरोबर गेलेला माणूस. सुटल्यावर वर्षभर तो तसाच, नाकाविना राहिला.

मग ती शस्त्रक्रिया. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला. तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलली. दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी तेवढी न कापता ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. जुन्या जखमेच्या कडा खरवडून ताज्या केल्या, कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि बसवली. भूल देण्याचे औषध नव्हते. इथरचा पहिला जाहीर प्रयोग व्हायला अजून पन्नासहून अधिक वर्षे होती. कावसजी ओरडला का, त्याला कोणी धरले होते का, यावर हकीकतीत एक शब्द नाही. वेदना लिहिण्याजोगी गोष्ट आहे असे तेव्हा कोणाला वाटले नसावे.

बरे होण्याचे दिवस मात्र मोजलेले आहेत. पानाला लावतो तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना फासला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे, कुशीवर वळायचे नाही. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती पट्टी कापायची, म्हणजे पुन्हा सुरी. ज्याला एकच हात उरला आहे त्याला या दिवसांत पाणी कोणी पाजले असेल?

'दिसण्यासाठी शस्त्रक्रिया जायज आहे का?' असे मुले वर्गात विचारतात. अल्लाहने घडवलेले रूप हौसेखातर बदलू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत अर्फजा या सहाबींची हदीसही आहे. इस्लामपूर्व काळातल्या लढाईत त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सोन्याचे बसवायला सांगितले. पुरुषाला सोने वर्ज्य, तरीही. गेलेला चेहरा परत मिळवणे ही हौस नव्हे, एवढे त्यातून मला कळते. कावसजीचा प्रश्न याच जातीचा होता.

जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सने त्याचे चित्र काढले. रुग्णाचे नाव आपल्यापर्यंत आले, चित्रकाराचे आले, सुरी धरणाऱ्याचे आले नाही.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ही पद्धत आधी प्रेतांवर करून पाहिली. मग १८१४ मध्ये नाक गमावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर केली, तीही भूल न देता. पंधरा मिनिटांत काम झाले. पुढे पट्टी सोडली तेव्हा त्या अधिकाऱ्याचा मित्र आश्चर्याने ओरडलाच, की नाक खरोखर आहे!